हाडाच्या आतला इतबार

चंद्रपूरहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा नदी ओलांडण्यापूर्वी, घुग्घुस हे गाव लागते. एका बाजूस वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूस सिमेंटचा जुना कारखाना, आणि गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरातून येणारे लोहखनिज भाजून त्याचे स्पंज आयर्न करणारा तिसरा उद्योग, अशा तिघांच्या वाहतुकीने ज्याच्या रस्त्यांची चाळण झालेली आहे, त्या गावात मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. खाणीतील पाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला मनुष्य आणि कोळशाने शिगोशीग भरलेला ट्रक यांची गाठ पडली, की निकाल काय लागावयाचा हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. पुढे कोठे वेळेवर शस्त्रक्रिया होत नाही, कोठे हाडवैद्याच्या पट्टीवर भरवसा ठेवला जातो, कोठे जखमेत पू होऊन हाडाचा तुकडाच काढून टाकावा लागतो. आणि वर्षभराने मनुष्य उभा राहतो तेव्हा हाड जुळलेले असते खरे, परंतु एक पाय दुसऱ्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटरांनी आखूड पडलेला असतो.

हा आखूडपणा मोजण्याची रीत फार साधी आहे. रुग्णाला उताणा निजवून कंबरेच्या हाडाच्या पुढील टोकापासून घोट्याच्या आतील उंचवट्यापर्यंत फीत धरतात. मग त्याला उभा करून आखूड पायाखाली लाकडी ठोकळ्यांच्या पातळ चकत्या एकावर एक सरकवीत जातात आणि कंबर समपातळीत आली की त्या चकत्यांची जाडी वाचतात. अखेर संपूर्ण पायांचा उभा एक्स-रे काढून या दोन्ही मापांची शहानिशा होते. अंतर दोन सेंटीमीटरांच्या आत असेल तर शस्त्रक्रियेचे नाव काढण्याचेही कारण नाही. चपलेच्या आत सेंटीमीटरभर टाच आणि उरलेली उंची बाहेरून तळाला, एवढे काम बाजारातील कसबी चांभार एका बैठकीत करून देतो, आणि त्यावर मनुष्य जन्मभर सुखाने चालतो. पोलिओने दुबळ्या झालेल्या पायाच्या बाबतीत तर थोडा आखूडपणा जाणूनबुजून राखावा लागतो, कारण गुडघा कुलूपबंद करणारे कॅलिपर लावून चालणाऱ्याचा पाय जर दुसऱ्या पायाइतकाच लांब केला, तर तो पुढे टाकताना जमिनीस घासू लागतो. भारतातील नैसर्गिक विषाणूजन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, तथापि त्यापूर्वीच्या पिढीतील असे पाय अद्याप आपल्यात चालत आहेत. तात्पर्य, लांबी वाढविण्याचा प्रश्न ज्यांच्यापुढे खरोखर उभा राहतो ते लोक थोडे असतात. परंतु जे असतात त्यांना पुढील विचार टाळता येत नाही.

हाड ओढून लांब करण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न इटलीतील बोलोन्याच्या कोडिविला याने १९०५ साली प्रसिद्ध केला, परंतु त्याची ओढ एकदम व जबर असल्याने मज्जातंतूंना ती सोसत नसे. घाईने जे साधत नाही ते सबुरीने साधते हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करण्याचे श्रेय सायबेरियातील कुर्गान या दूरच्या नगरातील गाव्रील इलिझारोव्ह या शल्यविशारदाकडे जाते. १९५० नंतरच्या दशकात त्याने हाडाभोवती पोलादी कडी बसवून, ताणलेल्या तारांनी ती हाडाशी जोडून, हाड बेताने कापून, आठवडाभर स्वस्थ बसून, मग दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत पाव-पाव मिलिमीटर, या गतीने दोन तुकडे परस्परांपासून दूर नेण्याची पद्धत बसविली. आणि त्या वाढत्या पोकळीत शरीर स्वतःच नवे हाड विणते हे जगाला दाखविले. जगाने ते मान्य करण्यास मात्र वेळ लावला. उंच उडीचा विश्वविक्रमी खेळाडू व्हालेरी ब्रूमेल अपघातानंतर इलिझारोव्हच्या हातून बरा झाला तेव्हा रशियात त्याचे नाव झाले, आणि १९८० साली इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी याचा जुना मोडका पाय त्याने दुरुस्त केला, तेव्हा कुठे पश्चिम युरोपचे डोळे उघडले.

ही विद्या विदर्भात पोहोचण्यास नागपूरचीही गरज लागली नाही. अकोल्यातील डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह पद्धतीत जे काम केले, त्याने भारतातील या क्षेत्रातल्या लोकांत त्या शहराचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. ‘रिंग लावली’ हा शब्दप्रयोग आता खेड्यापाड्यांतही समजतो. परंतु ती रिंग घेऊन मे महिन्यात घुग्घुसमध्ये दिवस काढणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. पारा सत्तेचाळीस अंशांकडे झुकलेला, हवेत कोळशाची बारीक पूड, कातड्यातून आत शिरलेल्या दहा-बारा तारांची तोंडे रोज उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसावयाची, त्यांतले एखादे लाल होऊन पाझरू लागले की पुन्हा प्रतिजैविकांची फेरी, कूस बदलावयाची सोय नाही, आणि पायजम्याची शिवण उसवून तिला बंद लावल्याखेरीज तो पायात चढत नाही! सेंटीमीटरामागे साधारण एक महिना या हिशेबाने पाच सेंटीमीटरांसाठी हा पिंजरा पाच-सहा महिने वागवावा लागतो. हे सगळे बाहेरचे लोखंड हाडाच्या आत नेता आले तर, हा विचार शल्यविशारदांच्या मनात यावा यात नवल ते काय?

हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा घालण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. जर्मनीतील कील येथे गेऱ्हार्ड क्युंटशर याने १९३९ मध्ये मोडलेल्या मांडीत असा नेल बसविला, आणि आज आपण ‘पायात रॉड टाकला’ असे म्हणतो तो त्याचाच वंशज होय. परंतु तो रॉड मुका व स्थिर असतो. येथे पाहिजे होता तो आत राहून लांबणारा, छत्रीच्या दांडीसारखा एकात एक सरकणारा. क्रिमियातील सिम्फेरोपोल येथील ब्लिस्कुनोव्ह याने १९८३ च्या सुमारास रुग्णाच्या खुब्याच्या हालचालीवर चालणारा असा नेल तयार केला. फ्रान्समधील दिजाँ येथे ग्रामाँ व गिशे यांनी १९८६ पासून घडविलेला अल्बिझिया नेल पाय आतबाहेर फिरविला की एकेक दात पुढे सरके. पंधरा वेळा फिरविले की एक मिलिमीटर. नुकतेच कापलेले हाड दिवसातून पंधरा वेळा पिळावयाचे, हे वाचताना जेवढे सोपे वाटते तेवढे सोसण्यास नसते, आणि कित्येक रुग्णांना त्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागे.

यानंतर अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेला आयएसकेडी नावाचा नेल आला. अगदी अल्प पिळाने, चालता-फिरता, रुग्णाच्या नकळत तो लांबत असे, आणि या सुखावहपणातच त्याचा घात होता. कारण जो नेल नकळत लांबतो तो नको तेव्हाही लांबतो. काही रुग्णांच्या बाबतीत दिवसाला एक मिलिमीटर ठरले असताना तो दोन-तीन मिलिमीटर पळाला. नवे हाड मागे पडले, पोकळी रिकामीच राहिली, स्नायू व मज्जातंतू ताणले गेले. उलट काही ठिकाणी तो अडून बसला आणि कापलेले हाड अवेळी जुळून गेले. पळणाऱ्याला मागे आणण्याची तजवीज त्या यंत्रात मुळीच नव्हती. अखेरीस तो बाजारातून गेला, आणि जाताना या व्यवसायाला एक कायमचा धडा देऊन गेला: लांबणाऱ्या नेलची परीक्षा तो किती सहज लांबतो यावर करावयाची नसून, सांगितले तेव्हा तो थांबतो काय आणि प्रसंगी माघार घेतो काय, यावर करावयाची असते.

दुसऱ्या दोन प्रसिद्ध नेलांनी लांबण्याची सूत्रे माणसाच्या हाती ठेवली. जर्मनीतील बाउमगार्ट व बेट्झ यांनी आरंभिलेल्या फिटबोनमध्ये एक सूक्ष्म विजेरी मोटार असते, व तिला कातडीखालील ग्राहकामार्फत बाहेरून ऊर्जा मिळते. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या प्रिसाइसमध्ये मोटारही नाही आणि तारही नाही. आत एक बळकट चुंबक, त्यास जोडलेली दंतचक्रे व आटे असलेला दांडा, आणि बाहेर रुग्णाच्या मांडीवर ठेवावयाचे एक यंत्र, ज्यातील दोन मोठे चुंबक फिरू लागले की आतला चुंबक त्यांच्या मागोमाग फिरतो. दिवसातून तीन-चार वेळा काही मिनिटे हे यंत्र लावले की ठरलेला मिलिमीटर पुरा होतो, आणि यंत्र उलट फिरविले तर नेल आखूडही होतो. याच्याही पहिल्या आवृत्तीत जोडाच्या ठिकाणी मोडण्याच्या तक्रारी आल्या व रचना सुधारावी लागली. पण त्याहून मोठी मर्यादा वजनाची: टायटॅनियमच्या मिश्रधातूचा हा नेल बारीक असेल तर त्या पायावर पंधरा-वीस किलोहून अधिक भार टाकावयाचा नाही, सर्वांत जाड असला तरी चौतीस किलोंच्या आसपासच, आणि हा नियम मोडला तर नेलही मोडतो. महिनोन्‌महिने कुबड्या! खाणीत पाळी करणाऱ्याला, भाताच्या बांधीत उतरणाऱ्या बाईला, ही अट किती जाचक हे वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच प्रिसाइस बनविणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये स्ट्राइड या नावाने पोलादाचा नवा नेल आणला तेव्हा या क्षेत्रात हर्षाची लाट उसळली. जाडीप्रमाणे अडुसष्टपासून एकशे तेरा किलोंपर्यंतचा भार तो सहन करी. म्हणजे दोन्ही पाय एकाच वेळी लांबविलेला मनुष्यसुद्धा कुबड्यांवाचून घरात वावरू शके. धातू अधिक बळकट, यंत्रणा पूर्वीचीच सिद्ध झालेली, रुग्ण संतुष्ट, डॉक्टर संतुष्ट. कागदावर पाहू जाता यात खोट काढण्यास जागा नव्हती. परंतु नेल काढण्याची वेळ आली तेव्हा खरा हिशेब निघाला. जेथे नेलचा एक भाग दुसऱ्यात सरकतो, नेमक्या त्या सांध्यापाशी, हाडाचे पांघरूण फुगलेले आणि हाड आतून झिजलेले एक्स-रेमध्ये दिसू लागले. रुग्ण त्या जागी दुखते म्हणू लागले. आणि काढलेल्या नेलांवर त्या फटीत तपकिरी-काळ्या गंजाचे थर आढळले. ज्या भारासाठी त्याची वाहवा झाली, त्याच भाराने पावलागणिक तो सांधा सूक्ष्मपणे हलत होता, घर्षणाने पोलादावरील संरक्षक थर खरवडला जात होता, आणि फटीत साचलेले शरीरातील द्रव पुढचे काम करीत होते. डेन्मार्कमधील डॉक्टर व धातुशास्त्रज्ञ यांनी असे काढलेले नेल कापून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे प्रकरण उघडकीस आणले. २०२१ च्या आरंभी कंपनीने स्ट्राइड बाजारातून परत बोलाविला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रिसाइस मालिकेतील साधनांविषयी डॉक्टरांना सूचनापत्र धाडले.

या कहाणीतील वाईट मनुष्य शोधण्याची मला उत्सुकता नाही. मला तिच्यातील काळाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. नेल टाकल्यापासून लांबी पुरी होण्यास दोन-अडीच महिने, हाड पक्के होण्यास आणखी सहा-आठ, आणि नेल काढण्यास वर्ष-दीड वर्ष. म्हणजे धातू आत कसा वागला हे कळण्यास एका रुग्णामागे वर्ष-दीड वर्ष जाते, आणि शेकडो रुग्णांचा अनुभव साठण्यास तीन-चार वर्षे. ज्या नेलचे वय बाजारात दोन वर्षांचे आहे, त्याची शिफारस कोणी कितीही आत्मविश्वासाने केली तरी ती शिफारस त्याच्या पूर्वार्धाची असते. यासाठी निवडीच्या वेळी मी तरी नव्या नावापेक्षा जुन्या नावाकडे झुकेन, आणि त्यातही ज्याचे दोष छापून आलेले आहेत अशाकडे. ज्या साधनाविषयी एकही तक्रार वाचावयास मिळत नाही, ते निर्दोष असण्यापेक्षा त्याची नोंद कोणी ठेवलेली नसण्याचा संभव अधिक. डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्नही यातूनच निघतो: हा नेल आपण किती जणांत टाकलात, हे सर्वच विचारतात, आपण स्वतः तो किती जणांतून काढलात, आणि काढलेला कसा दिसला, हे विचारावे.

नेल उत्तम आणि हाड अयोग्य, असाही प्रसंग येतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने तो विशेष ध्यानात घ्यावा. या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्याला हा विकार आहे त्याच्या हाडाचा रक्तपुरवठा ठिकठिकाणी तुटलेला असू शकतो, मांडीच्या नळीतील पोकळी कित्येकदा अरुंद व दगडासारखी कठीण झालेली असते, आणि हाडात जंतू घर करण्याची भीती इतरांहून जास्त असते. तेथे पोकळी कोरून जाड दांडा बसविणे ही जोखीम किती, याचा विचार रक्ताच्या साध्या चाचणीनंतरच व्हावा. त्याचप्रमाणे ज्या पायात पूर्वी कधीही पू झाला होता, त्याच्या पोकळीत नेल घालणे म्हणजे एका जागी निजलेल्या जंतूंना हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता करून देणे होय; अशा पायाला बाहेरची रिंगच बरी, मे महिना असो की नसो. हाड अद्याप वाढत असलेल्या मुलांचा प्रश्न तर आणखी वेगळा, कारण नेल वाढीच्या पट्ट्यांतून आरपार नेता येत नाही.

रिंग आणि लांबणारा नेल यांच्या मधली एक वाट आहे, व ती आपल्या खिशाला अधिक परवडणारी आहे. हाडात साधा, स्वस्त, मुका नेल टाकावयाचा, बाहेर रिंग लावून त्याच नेलवरून हाड सरकवीत लांब करावयाचे, आणि लांबी पुरी होताच नेलला खालून स्क्रू मारून रिंग काढून टाकावयाची. मग नवे हाड पक्के होईपर्यंत आतला नेल भार सांभाळतो. अमेरिकेतील ड्रोर पेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या पद्धतीवर लिहिले, आणि अकोल्याच्या डॉ. चौधरींनी २००८ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्समध्ये, रिंगेचा मुक्काम तिने सुरक्षितपणे कमी होतो असा आपला अनुभव मांडला. बाहेरची तार आतल्या नेलला शिवली तर जंतू आत जातात, ही तिची खोड आहे. ती टाळणे हे सर्वस्वी शल्यविशारदाच्या हातचे कसब. चुंबकी नेलची किंमत काही लाखांच्या घरात जाते, आणि त्यापुढे दर आठवड्या-पंधरवड्याला एक्स-रेसाठी दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठण्याचा खर्च व खाडा वेगळा. हा एक्स-रे चुकविणे परवडत नाही, कारण बाहेरचे यंत्र फिरले म्हणजे आतला नेल फिरलाच असे गृहीत धरता येत नाही.

उंची वाढविण्यासाठी म्हणून धडधाकट पाय कापून घेणाऱ्या तरुणांविषयी येथे दोनच शब्द. तो त्यांचा अधिकार असेल. परंतु दोन्ही मांड्यांत नेल, गुडघे आखडण्याची धास्ती, महिनोन्‌महिने रोज दोन-दोन तास व्यायाम, आणि पूर्वी जसे धावत होतो तसे पुन्हा धावू याची कोणाकडूनही न मिळणारी हमी, हे सारे सात-आठ सेंटीमीटरांसाठी पत्करण्यापूर्वी त्यांनी स्ट्राइडची हकीकत एकदा वाचावी, कारण त्या नेलचे पुष्कळसे गिऱ्हाईक याच वर्गातले होते.

आता कागदपत्रांविषयी; ती हाताशी नसल्यास काय होते ते पाहा. भारतात २०१० पूर्वीच्या वर्षांत एका बहुराष्ट्रीय कंपनीचे धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुबे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसविले गेले. त्यांतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरू लागले, आणि २०१० मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पुढाकार घेतला, २०१७ मध्ये केंद्राने चौकशी समिती नेमली, भरपाईचा विषय निघाला, आणि तेव्हा असे आढळले की साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नाही. आपल्या शरीरात कोणता धातू आहे याचा दाखला त्यांच्यापाशी नसावा, आणि असल्यास त्याचा उपयोग त्यांना कोणी सांगितलेला नसावा. प्रत्येक नेलच्या निर्जंतुक वेष्टनात चिकटचिठ्ठ्यांचा एक संच असतो. प्रत्येक चिठ्ठीवर कंपनीचे नाव, माप, धातू आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. एक चिठ्ठी रुग्णालयाच्या नोंदीत डकविली जाते, दुसरी रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर डकविलेली असली पाहिजे. ती नसेल तर मागून घ्यावी, आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवावी. आत चुंबक असल्यास एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी हीच चिठ्ठी दाखवावी लागते. आणि साधनात दोष निघाल्यास २०१५ पासून देशात चालू असलेल्या वैद्यकीय साधनांच्या सुरक्षा-नोंदणीत तक्रार दाखल करावयाची तर हाच लॉट क्रमांक उपयोगी पडतो.

राहता राहिला नेल काढण्याचा मामला. साधा रॉड कित्येकांच्या पायात जन्मभर राहतो व त्याचे काही बिघडत नाही, म्हणून लांबणारा नेलही तसाच राहू दिला तर चालेल असे पुष्कळांना वाटते. परंतु सरकते सांधे, आटे आणि चुंबक असलेले हे यंत्र हाड पक्के झाले की, टाकल्यापासून साधारण वर्षभराने, काढावे असाच निर्देश असतो, आणि स्ट्राइडनंतर त्याकडे कानाडोळा करण्यास सबब उरलेली नाही. ही दुसरी शस्त्रक्रिया, तिची भूल, तिचा मुक्काम आणि पुन्हा कुबड्यांचे काही आठवडे, यांचा उल्लेख पहिल्या भेटीत क्वचितच होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डात यांपैकी काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे, आणि अंदाजपत्रक घेताना नेल टाकण्याचा व काढण्याचा असे दोन्ही खर्च एकाच कागदावर, तारखेनिशी व सहीनिशी, लिहून मागावेत. दुसरा आकडा लिहून देण्यास जेथे कां-कूं होते, तेथे पहिल्या आकड्याची घासाघीस करीत बसू नये. संध्याकाळची घुग्घुसची बस धरावी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.